हे बनवतं कोण?

सातपूरच्या माझ्या छापखान्यात एक डिझायनर ताई पाकिटांची, लेबलांची डिझाइनं घेऊन येते. गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "हे बनवतं कोण?" रंग, लोगो सगळं नंतर. आधी ती माल बनतो तिथे जाऊन दिवसभर बसणार आणि येताना फोटो घेऊन येणार. मला हा नसता उद्योग वाटायचा.

मागे देवळ्याच्या एका व्यापाऱ्याने वाळवलेल्या कांद्याच्या पाकिटाचं काम तिला दिलं. तिने पाकिटावर त्याच्याच शेडमधली कांदा चिरणारी बाई घेतली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि बाई शेजारणीकडे बघून खदखदून हसतेय.

नमुना बघून व्यापारी बिथरला. "ताई, असली रडकी बाई कोण घरी नेईल? नेटवरची एखादी गोरीपान टाका की."

"तिने कधी कांदा चिरलाय का?"

"लोकांना काय करायचंय?"

"मला करायचंय. ही बाई राहील, नाहीतर मी जाईन."

मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो, कारण छपाईचं काम माझंही जाणार होतं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. व्यापारी तणतणत निघून गेला. तिने तो नमुना माझ्या काचेच्या दारावर, रस्त्यावरून दिसेल असा चिकटवला आणि चहा मागवला.

परवा एक पापडवाला आला. म्हणाला, "शेठ, पाकिटावर एखादी हिरॉईन टाकून द्या."

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि विचारून बसलो, "पापड लाटतं कोण?"