धाकटीची बादली

माझ्या धाकट्या जावेवर मी जळते. उघड सांगते, त्यात चोरी कसली? माहेरी तिने कधी शेणाला हात लावला नाही, पण नशीब असं की विचारू नका. अनुदानाच्या कचेरीत मला ताटकळत दारात उभं ठेवलं. ही मात्र हसून म्हणाली, "साहेब, मला यातलं काही कळत नाही हो." लगेच कारकुनाने तिला खुर्ची दिली, वर अर्जही स्वतः भरून दिला. मला कळतं, हीच माझी चूक!

वाटण्या झाल्या तेव्हाही तेच. तांबडी गाय मी वासरापासून वाढवली, ती आजारी पडली तेव्हा गोठ्यात तिच्याशेजारी झोपले. सासऱ्यांनी ती धाकटीला दिली आणि थकलेली पांढरी माझ्या गळ्यात मारली.

आता हे अनुदान नव्या गाईसाठी, तेही घरटी एकच. आमच्या चुली वेगळ्या, पण घराचा नंबर एक. म्हणजे दोघींपैकी एकीलाच मिळणार, आणि अर्ज धाकटीचा आधी. जनावरांच्या डॉक्टरांनी निरोप धाडला, की अर्ज जिच्या नावाचा तिने त्यांच्यासमोर धार काढायची. नाही जमलं तर दुसरीचा अर्ज पुढे. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यांच्याकडे धार भावोजी काढतात, बाईसाहेब नुसती बादली धुतात!

डॉक्टर आले. त्यांनी भावोजींना गोठ्याबाहेर उभं केलं. धाकटी पदर खोचून बसली. तिने सड ओढले, पण तांबडीने पान्हा चोरला. पुन्हा ओढले, तरी थेंब नाही. डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले. मी दाराशी उभी, तोंडावर काळजी आणून.

तेवढ्यात धाकटीचं नख लागलं आणि गाय कळवळून बाजूला सरकली. माझं डोकंच फिरलं.

"अगं ए भवाने, आधी नखं काप! सड आहे तो, घंटेची दोरी नाही!"

तांबडीचे कान ताठ झाले. मान वळवून तिने मला शोधलं आणि पान्हा सोडला. बादलीत चर्र चर्र धारा पडायला लागल्या!

मी जीभ चावली. तशी धार बारीक झाली, मग थांबलीच. सड तटतटलेले, आणि गाय माझ्याकडे बघत उभी.

"जाऊबाई, बोला ना हो काहीतरी," धाकटी रडवेली होऊन म्हणाली.

गप्प राहिले असते तर अनुदान माझं होतं. पण कास तुंबली की सुजते, ठणकते. ते काय धाकटी भोगणार होती?

मग सुटलेच मी. इतकी वर्षं पोटात साठलेलं सगळं बाहेर काढलं, सासऱ्यांनाही सोडलं नाही. डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते, भावोजी बाहेर खाकरत होते, धाकटी "हो जाऊबाई, हो जाऊबाई" म्हणत पिळत होती. बादली भरेपर्यंत मी थांबले नाही.