राहून गेलेल्या गोळ्या

“मॅडम, टेस्ट तं निगेटिव्ह हाये. मंग पाळी काहून येऊन नाही राहिली?”

प्रश्न रोहिणीच्या नवऱ्याने, नीलेशने विचारला. रोहिणी शेजारी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. दोघं बार्शीटाकळीहून अकोल्याला माझ्या क्लिनिकमध्ये आले होते. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. बायकोची तक्रार नवऱ्याने सांगायची, हे मला नवीन नाही. मी नीलेशला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

दार लागलं आणि ती बोलू लागली. मुलगा अंगणवाडीत जातो, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत, पोलीस भरतीची तयारी सुरू आहे. मागच्या महिन्यात ती ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या, सरावासाठी अमरावतीला अकॅडमीत राहायला गेली. गोळ्यांचं नवं पाकीट घरीच राहिलं.

“तिथल्या मेडिकलमधून का नाही घेतलंस?”

“संग साऱ्या पोरी होत्या. बिनलग्नाच्या. लाज वाटली.”

“आणि घरी आल्यावर?”

“राहिलेल्या साऱ्या एकदमच घेतल्या. भरून निघन, वाटलं. दिवसभर ओकाऱ्या.” मग हळूच म्हणाली, “त्याच्या आंधीच आमी जवळ आलो होतो.”

इथे जरा समजावून सांगते. दोन पाकिटांच्या मधे गोळ्यांना काही दिवस सुटी असते. त्या सुटीत बीजाशय जागं व्हायला लागतं. नवं पाकीट वेळेवर सुरू झालं की पुन्हा झोपतं. रोहिणीची सुटी लांबली. ती मूठभर गोळ्यांनी भरून निघत नाही. एखादी गोळी विसरली तर आठवताक्षणी घ्यावी, तेवढं पुरतं. जास्त राहिल्या तर त्यातली शेवटची एकच घ्यावी, पुढच्या नेहमीसारख्या चालू ठेवाव्यात आणि आठवडाभर कंडोम वापरावा. मधे संबंध आला असेल तर लगेच डॉक्टरला विचारावं, कारण इमर्जन्सी गोळी लवकर घेतली तरच कामाची.

त्यांनी घरी केलेली टेस्ट घाईची होती. “आठवड्याने परत कर, सकाळच्या पहिल्या लघवीवर,” मी म्हटलं. “तोवर पाळी यायची म्हणून कुठलंही औषध घेऊ नकोस.”

तिने पर्समधून एक डबी काढून टेबलावर ठेवली. गर्भपाताच्या गोळ्या. ओळखीच्या बाईने आणून दिलेल्या.

“हे न तपासता घेतलं असतंस आणि गर्भ पिशवीऐवजी नळीत असता, तर जिवावर बेतलं असतं.”

“मॅडम, मी लय घाबरली होती.”

ते दिसतच होतं. डबी मी ठेवून घेतली.

आठवड्याने टेस्ट पॉझिटिव्ह आली. सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच होता, अगदी सुरुवातीचा. आता दोघंही समोर होते.

“मले आत्ता नाही पायजे,” रोहिणी म्हणाली. “ग्राउंड तोंडावर आलं.”

नीलेशने माझ्याकडे पाहिलं. “सही तं माही लागन ना?”

“नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. कायदा तसा आहे.”

“मले पोरगी पायजे होती,” तो एवढंच म्हणाला. मग तिच्याकडे वळला. “तुह्या मनातून पक्कं हाये?”

“हाव.”

“मंग डोळ्यात पानी काहून?”

“पक्कं असलं म्हून रडू नाही येत का?”

मी त्यांना घरी जाऊन शांतपणे बोलून या म्हटलं. दोन दिवसांनी आले. निर्णय तोच होता, पण या वेळी फाईल नीलेशच्या हातात होती.

औषधांनी काम झालं. फेरतपासणीत सगळं ठीक निघालं. गोळ्यांचा भरवसा नको म्हणून रोहिणीने पुढे कॉपर-टी बसवून घेतली. पुरेशी विश्रांती घेतल्यावरच मी तिला पळायची परवानगी दिली. ग्राउंड निघालं, लेखीत थोडक्यात राहिली. आता पुन्हा तयारी चालू आहे. सरावाला नीलेश सोबत जातो.

गोळी विसरणं हा काही गुन्हा नाही, सगळ्याच विसरतात. विसरल्यावर लाजून गप्प बसणं मात्र महागात पडतं. आणि बायकोला लाज वाटत असेल तर नवऱ्याने जाऊन पाकीट आणावं. मेडिकलवाला काही खात नाही.