मालनबाईंची वाटी

ठाण्याच्या मुलींच्या शाळेत मालन टिपणीस फ्रेंच शिकवायच्या. कोपरीतल्या चाळीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या, लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. फ्रेंच तरी का घेतलं, असं विचारलं तर म्हणायच्या, संस्कृतचे प्रोफेसर फार खेकसायचे. मुली त्यांना टरकून असत, पण वर्गात कुणाला झोप यायची नाही.

एकट्या म्हटलं खरं, पण तेही पुरतं खरं नाही. घरात शालू होती. शेजारच्या सगुणाची मुलगी. सत्तेचाळीस सालच्या पावसाळ्यात सगुणाने वाटीभर खीर आणून दिली आणि त्याच रात्री तापाने आडवी झाली. इस्पितळात नेताना तान्ही शालू मालनबाईंच्या हातात देऊन म्हणाली, दोन दिवस सांभाळा. ती काही परत आली नाही. तिचा नवरा उत्तम हा रेल्वेत फिटर. आधी रोज येऊन पोरीला बघून जायचा, मग त्याची भुसावळला बदली झाली, मग तिकडेच दुसरं लग्न झालं. वर्षातून एकदा येऊन अवघडून बसायचा, चहा घेऊन जायचा. शालू मालनबाईंना मावशी म्हणू लागली.

सगुणाची वाटीही घरातच राहिली. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, ही आपल्याकडची रीत. काहीतरी चांगलं घालून देऊ म्हणता म्हणता ती फळीवरच बसली. चाळीची मालकीण रंगूबाई जुनी कोपरीची. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. ती एकदा म्हणाली, "मालनबाय, पोर दुसऱ्याची हाय. जीव लाव, पन गाठ मारू नको." मालनबाईंना राग आला. गाठ केव्हाच बसली होती, राग त्याचाच होता.

पंचावन्नच्या दिवाळीआधी एका रात्री मालनबाई नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशीचा धडा शालूसमोर मोठ्याने घोकत होत्या. शब्द होता 'दव्वार'. म्हणजे कर्तव्य. फ्रेंच पोरांच्या घरच्या अभ्यासालाही हाच शब्द, देणं लागणं म्हणायचं तरी हाच. मूळ लॅटिनमधलं: 'दे' म्हणजे कुणाकडून आणि 'हाबेरे' म्हणजे जवळ असणं. दुसऱ्याचं काहीतरी आपल्यापाशी असणं, ते कर्तव्य. शालूसमोर घोकलेलं वाटीचं उदाहरणच त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात दिलं. शेजारणीची वाटी तुमच्या घरात आहे तोवर तुमचा तिचा संबंध आहे, ती डोळ्यांसमोर आली की चुटपुट लागते, ती चुटपुट म्हणजे दव्वार. मुली हसल्या. बाईही हसल्या.

संध्याकाळी घरी आल्या तर दारात उत्तम. शालूला न्यायला आला होता. बायको चांगली आहे, म्हणाला, तीच म्हणते मुलगी आपल्या घरी हवी. रंगूबाईने बाजूला घेऊन सुचवलं, पोर येत न्हाय म्हणून सांग, त्याची हिंमत न्हाय व्हायची. खरंच नव्हती. मालनबाईंनी एक शब्द उच्चारला असता तर तो आल्या पावली गेला असता. तो शब्द ओठांपर्यंत आलाही. पण सकाळीच तीस मुलींसमोर वाटीचं प्रवचन झोडलेलं, आता गिळायचं कसं? त्यांना स्वतःचीच चीड आली.

सगुणाची वाटी त्यांनी चिंचेने लख्ख घासली, तिच्यात बेसनाचे लाडू बसवले आणि शालूच्या पिशवीत ठेवली. फेडलं एकदाचं. पण निघता निघता त्यांनी फळीवरून स्वतःची वाटी काढली, 'मालन टिपणीस' असं ठोकून नाव घातलेली. तिच्यात साखरांबा भरला, फडकं बांधलं आणि उत्तमला म्हणाल्या, प्रवासात पोळीशी लागेल. हा सरळसरळ लबाडपणा होता. नाव घातलेली वाटी कधीतरी परत येणार, आणि रिकामी येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर भुसावळहून काही कळलं नाही. मालनबाई शाळेत जात, मुलींवर जरा जास्तच खेकसत. घरी आल्यावर मोठ्याने घोकायची सवय त्यांनी सोडली.

मे महिन्याच्या सुट्टीत उत्तम शालूला घेऊन आला. पोर उंच झाली होती. मालनबाईंनी तिला जवळ घेतलं, पण डोळे गेले पिशवीकडे. फ्रॉक निघाले, चकल्यांचा डबा निघाला. वाटी नव्हती. विसरली असेल, त्यांनी मनाला समजावलं, लेकरूच ते.

रंगूबाईने मात्र तोंडावरच विचारलं, "आन् वाटी कुठं गं बाईंची?"

"भुसावळला आहे," शालू म्हणाली. "आई चकल्या त्यातच भरत होती. मी काढून डब्यात घातल्या."

"का गं?" मालनबाईंनी विचारलं.

"वाटी दिली असती तर फिटलं असतं ना, मावशी. मग दिवाळीला कशी येऊ?"

मालनबाईंना रडू फुटलं, आणि उत्तमसमोरही त्यांनी ते आवरलं नाही. वाटीचं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.