खळ्यावरचा ताग

शिराळ्याजवळच्या एका वाडीत बनुबाईच्या घरामागं दोन गुंठ्यांचं खळं होतं. तीन पिढ्यांनी त्यावर बैल फिरवून मळणी केली, दर साली धुमसानं ठोकून शेणानं सारवलं. तिथं पाऊस मुरत नसे, वरच साचून उन्हानं आटे. भावांच्या वाटणीत ते खळं तिच्या नवऱ्याच्या, लालासाहेबाच्या वाट्याला आलं. त्रेचाळीस साली तो फौजेत भरती होऊन ब्रह्मदेशाकडं गेला. पुढल्या माघापासून त्याचं पत्र नव्हतं.

चैत्रात धाकटा दीर हंबीरराव ओसरीवर येऊन बसला. "वयनी, खळं रिकामं पडलंय. सुगीला मला द्या. दादा आल्यावर बघू."

"मला तिथं भाजी लावायची हाय, भावजी."

"खळ्यावर भाजी? मग माझ्या टकलावर मका लावा की!"

गोष्ट पंचांपुढं गेली. दसऱ्याला तिथं पीक उभं दिसलं तर जागा बनुबाईची, नाहीतर हंबीररावानं मळणी करावी, असं ठरलं. हातची गेलेली जागा भावकीत परत मिळत नसते, आणि नवऱ्याची खुशाली कळत नसताना तर नाहीच, हे बनुबाई ओळखून होती.

तिनं घाई केली. खालच्या अर्ध्यात घागरींमागून घागरी ओतून चिखलातच कुदळ चालवली. आठवड्यात त्या ढेकळांच्या विटा झाल्या. चुलत सासू हरणाबाई काठी टेकत आली. तिनं एक ढेकूळ दगडावर आपटलं. दगडाचाच टवका उडाला.

"बने, वल्ली माती खणत्यात व्हय गं? वाफसा येऊ द्यावा. मुठीत गोळा व्हावा न् बोटानं फुटावा, तवा हात लावायचा."

"आता काय करू, आत्या?"

"कुदळ ठिव. आता मुळी खणंल."

मग साऱ्या खळ्यावर, ढेकळांवरही, लेंडीखत पडलं, भाताचं काड पसरलं. बनुबाई सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत राहिली. महिन्यानं काडाखाली दोन बोटं माती मऊ झाली. मृगात तिनं तिथं ताग फेकून पेरला. त्याची मुळी सरळ खाली शिरते, कठीण थर फोडते. फुलावर येण्याआधी ताग कापून मातीत गाडायचा, की त्याचं खत होतं. उशीर झाला तर त्याचं लाकूड होतं.

पण आषाढात झड लागली ती थांबेना. खळ्याचा चिखल झाला आणि तागाला कळ्या दिसू लागल्या. उघडीप मिळाली ती नेमकी नागपंचमीला. बनुबाईनं सकाळी मूठभर माती दाबून पाहिली. गोळा झाला, बोटानं फुटला. पश्चिमेला आभाळ पुन्हा काळं होत होतं.

तिनं कुदळ उचलली आणि ती तशीच उभी राहिली. त्या दिवशी त्या मुलखात कोणी जमिनीला हत्यार लावत नाही. घरात विळीसुद्धा आडवी पडलेली असते.

काटेरी कुपावरून शेजारीण शालूबाई म्हणाली, "आगं, नवरा लढाईत, न् तू आज नागाच्या अंगावर घाव घालणार?"

बनुबाईनं काळ्या आभाळाकडं पाहिलं. खणावं आणि उद्या वाईट तार आली तर? न खणावं आणि जागा गेली तर? तिनं कुदळ भिंतीला टेकवली. मग पदर खोचून ती तागात शिरली आणि पायांनीच एकेक ओळ दाबून आडवी करत गेली. वर उरलंसुरलं काड आणि कालवलेलं शेण टाकलं.

हरणाबाईनंही तोंड वाकडं केलं. "ताग गाडायचा आसतो, निजवायचा न्हवं. वरच्या वर वाळंल."

दुपारी पाऊस आला आणि अकरा दिवस पडत राहिला. खळ्यावरून कुजका वास येऊ लागला. "वयनी, चटई झ्याक घातलीया!" म्हणत हंबीरराव जायचा. पोस्टमन दारावरून पुढं गेला की बनुबाईला आपलीच पावलं आठवायची. हत्यार लावलं नाही हे खरं, पण त्या दिवशी तुडवलं ते तुडवलंच.

भाद्रपदात तिनं काड बाजूला सारून हात घातला. माती काळी, गार. गांडुळं वळवळत होती. तिनं खुरप्याशिवायच बोटांनी रेघा ओढून मेथी पेरली. वरच्या अर्ध्यात ती उगवली. खालच्या अर्ध्यात, जिथं आधी चिखल खणला होता, तिथं काहीच आलं नाही.

दसऱ्याला पंच आले. हंबीररावानं बोट दाखवलं. "आर्धंच हाय. खालचं माझं. हितंच मळणीचा खांब रोवतो."

त्यानं पहार उचलून मारली. मातीत ती वीतभर सहज गेली. खांब उभा केला तर तो झुकला. दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी तेच. पंचांतले तात्याबा खाली बसले, बोटानं माती चाचपली.

"हितं बैल फिरवलास तर खूर रुतत्याल, गड्या. वर काय उगवलं न्हाई, पर तागाच्या मुळीनं खळं मोडलंय. जागा तिची."

हंबीररावानं पहार ओढून काढली आणि तो तिला चिकटलेली माती तळहातानं पुसत राहिला. पंच निघाले तरी तो तिथंच होता.

"वयनी," तो खाली बघतच म्हणाला, "दादाचं काय कळलं?"

बनुबाईनं नाही म्हणून मान हलवली. पत्र थांबल्यापासूनच्या आठ महिन्यांत त्यानं हे पहिल्यांदाच विचारलं होतं.