करकंबच्या पिकअपचं ढिलं स्टिअरिंग

"फक्त ष्टेरिंग टाइट करून द्या मॅडम. बाकी कशाला हात लावू नका. उद्या सकाळी गाडी पायजेल."

दत्ता मालक माझ्या टेबलासमोर उभे राहून बोलत होते. बसा म्हटलं तरी बसत नव्हते. करकंबला त्यांची द्राक्षबाग आहे आणि दोन पिकअप आहेत. त्यातली एक बाहेर उभी होती. बंपर आत गेलेला, डावा हेडलाइट फुटलेला. चार-पाच दिवसांपूर्वी कालव्याच्या वळणावर ती रस्ता सोडून भरावावर आदळली होती.

"नेमकं काय झालं होतं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? ड्रायव्हर पिऊन व्हता. त्याच दिवशी काढून टाकला."

"आणि स्टिअरिंग? ते आधीपासून ढिलं होतं?"

"थोडं खेळायचं. जुनी गाडी म्हटल्यावर खेळणारच की."

सोलापुरात होटगी रोडला माझं वर्कशॉप आहे. आम्ही फक्त स्टिअरिंग आणि सस्पेन्शनची कामं करतो. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा झाल्यावर मी बरीच वर्षं एका सर्व्हिस सेंटरचा फ्लोअर सांभाळला, मग स्वतःचं सुरू केलं. ढिल्या स्टिअरिंगला 'थोडं खेळतं' म्हणणारी माणसं मला रोज भेटतात. त्याची सवय झाली आहे. पण ही गाडी करकंबहून सोलापूरपर्यंत चालवत आणली होती. दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात देऊन, भर हायवेनं. ते ऐकल्यावर माझं डोकं तापलं. मी एवढंच म्हटलं, "गाडी ठेवून जा. बघून फोन करते."

मालक गेल्यावर मी केबिनमध्ये बसले. इंजिन चालू, चाकं सरळ, गाडी जमिनीवर. दोन बोटांनी स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे फिरवलं. चांगल्या गाडीत स्टिअरिंग जरा फिरलं की चाकं हलायला लागतात. त्याआधी जे रिकामं फिरतं, त्याला आम्ही 'प्ले' म्हणतो. थोडा प्ले प्रत्येक गाडीत असतो. इथं स्टिअरिंग जवळजवळ वीतभर फिरलं तरी चाकं ढिम्म.

मग आवारातच एक फेरी मारली. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला हवं, ते होत नव्हतं. मधेच धरून ठेवल्यासारखं अडकत होतं. म्हणजे ढिलंही आणि जडही. हे दोन्ही एकत्र दिसलं की समजावं, दोष न शोधता आधी कुणीतरी काहीतरी आवळून ठेवलंय.

स्टिअरिंगची रचना तशी साधी असते. स्टिअरिंगचा दांडा खाली जाऊन एका लोखंडी डब्यात शिरतो. तो स्टिअरिंग बॉक्स. त्यात गिअर असतात. बॉक्समधून बाहेर आलेला आर्म पुढचे रॉड ढकलतो आणि रॉड चाकं वळवतात. रॉडच्या टोकांना आपल्या खांद्यासारखे सांधे असतात. बॉक्स मात्र चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टनं पक्का बांधलेला असतो. त्यानं जागचं हलायचं नसतं.

दोष शोधायची रीतही साधी. एकानं वर बसून स्टिअरिंग थोडं थोडं हलवत राहायचं. दुसऱ्यानं खाली जाऊन एकेका सांध्यावर हात ठेवायचा. हालचाल जिथपर्यंत येते आणि पुढं जात नाही, तिथं दोष. आमचे जुने वेल्डर जाफरभाई वर बसले. मी खड्ड्यात उतरले.

रॉडचे सांधे कोरे होते. नुकतेच बदललेले. दांड्याचा जॉइंट ठीक. चाकं जॅकवर उचलून हलवून पाहिली, बेअरिंगही ठीक. बॉक्सच्या वरच्या ॲडजस्टिंग स्क्रूवर मात्र पान्याचे ताजे ओरखडे होते. हाच तो आवळलेला. आतले गिअर एकमेकांत दाबून बसवले की प्ले कमी झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात गिअर अडकतात आणि झिजतात.

मग मी बॉक्सच्या अंगावर हात ठेवला. "हलवा जाफरभाई." आर्म फिरायच्या आधी अख्खा बॉक्सच कुणी ढकलल्यासारखा जागचा सरकला. मी हात काढून पुन्हा ठेवला. पुन्हा तेच.

बॉक्सच्या भोवतीच्या चेसिसवर काळं अंडरकोटिंग फासलेलं होतं. खालच्या भागाला गंज लागू नये म्हणून हा डांबरासारखा थर देतात. पण बाकी सगळी चेसिस लाल गंजलेली, आणि फक्त एवढ्या जागेवर काळा जाड लेप. वायर ब्रशनं खरवडल्यावर खाली तडा दिसला. एका बोल्टाच्या भोकापासून दुसऱ्या बोल्टाच्या भोकापर्यंत. त्यावर वेल्डिंग, आणि वेल्डिंगसकट पुन्हा तडा.

जाफरभाई खाली आले. चष्मा पुसून बघत राहिले. म्हणाले, "मॅडम, ये दो बार मारे सो है. एक के ऊपर एक. ऊपर से रंग लगाको छुपाए."

बॉक्स काढल्यावर कारणही सापडलं. चेसिस आतून पोकळ असते. बोल्ट आवळताना तिचा पत्रा दबू नये म्हणून आत एक लोखंडी नळी घालतात. एका बोल्टाची नळीच नव्हती. पूर्वी कधीतरी बॉक्स काढून बसवताना कुणी ती परत घातलीच नव्हती. मग बोल्ट आवळला की पत्रा दबायचा, बोल्ट ढिला पडायचा, बॉक्स हलायचा, आणि हलून हलून चेसिस तडकली.

मी मालकांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"व्हय, तितं मागं दोनदा वेल्डिंग मारलंय," ते शांतपणे म्हणाले. "तुमी बी मारा तिसरं. उद्या गाडी पायजेल, माल तोडणीला आलाय."

या माणसाला माहीत होतं.

"ड्रायव्हरला हे सांगितलं होतं तुम्ही?"

"त्याला काय सांगायचं? त्याचं काम गाडी चालवायचं. आनि एक करा मॅडम. तडा अपघातात पडला असं लिहून द्या. इम्याला दाखवायचंय."

"तसं लिहिता येणार नाही. ताजं तुटलेलं लोखंड चमकतं. हा तडा आतपर्यंत गंजलाय. अपघाताच्या कितीतरी आधीचा आहे."

"तुमी मेकॅनिक हाय का वकील?"

"मेकॅनिक आहे, म्हणूनच लिहिणार नाही."

त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी जुळे सोलापूरला घरी गेले तरी माझा राग उतरला नव्हता. जेवताना मी नवऱ्याला अख्खी गोष्ट दोनदा सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन माणसं एसटीनं आली. एक तिशीचा तरुण, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याच्याबरोबर पन्नाशीच्या एक बाई, उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. तरुण दारातच थांबला.

"मॅडम, मी शिवशरण. ती पिकअप मी चालवत व्हतो." त्यानं खड्ड्यावरच्या गाडीकडं पाहिलं नाही. "नव्या ड्रायव्हरनं सांगितलं, गाडी तुमच्याकडं हाय. मला फक्त एवढंच सांगा. चूक माझी व्हती का?"

आमच्या धंद्यात एक नियम आहे. गाडीतला दोष गाडीच्या मालकाला सांगायचा, इतरांना नाही. मी तो नेहमी पाळते. त्या दिवशी पाळला नाही. ज्याच्या हातात ते स्टिअरिंग होतं, त्याचा हक्क मला मालकापेक्षा मोठा वाटला. त्याला खड्ड्यात उतरवलं, बॅटरी दिली आणि तडा दाखवला.

त्यानं तड्यावरून बोट फिरवलं. वर आला तेव्हा म्हणाला, "मी दर आठवड्याला सांगायचो. गाडी एका बाजूला वडते, सोलापूरला दाखवा. मालक म्हनायचे, तुलाच चालवता येत न्हाय. आता गावात सगळी म्हनत्यात पिऊन व्हता. माझ्या सासऱ्यानं बी इचारलं. मी माळकरी घरातला, मॅडम. हात बी लावत न्हाय."

"मी केबिनमधी त्याच्या शेजारी बसली व्हती," बाई म्हणाल्या. त्यांचं नाव मंगलताई. द्राक्षतोडणीच्या बायांची टोळी त्याच सांभाळायच्या. "वळण आलं, त्यानं ष्टेरिंग फिरवलं, आनि गाडी सरळच गेली. मी डोळ्यानं बघितलं की. मागं हौद्यात दहा-बारा बाया व्हत्या. एकमेकीवर पडल्या. माझं कोपराचं हाड मोडलं."

मालवाहू पिकअपच्या हौद्यात माणसं न्यायची नसतात. हे मालकाला माहीत असतं, रस्त्यावर गाडी अडवणाऱ्यालाही माहीत असतं. तरी रोज सकाळी हौदे भरून बाया जातात. मी ते ऐकत असतानाच दत्ता मालक आले. बरोबर एक टेम्पो आणि टोचन करायला दोर. शिवशरणला बघून ते थबकले.

"ह्यो हितं कशाला?"

"गाडीत काय बिघाड होता ते बघायला आलाय," मी म्हटलं.

"माझ्या गाडीचं ह्याला कशाला दाखवायचं? द्या माझी गाडी. दुसरीकडं घंट्यात वेल्डिंग मारून देत्यात."

"गाडी तुमची आहे, न्या. पण बॉक्स मी त्या चेसिसवर बसवून देणार नाही. वेगळा ठेवून देते. आणि काल तुम्ही विमा म्हणालात. मागं माणसं होती हे सांगितलंय विमावाल्यांना?"

मालक दोराची गाठ सोडवत म्हणाले, "गाडीत माणसं नव्हती. क्रेट व्हते."

मंगलताई तोवर बाकावर बसल्या होत्या. त्या उठल्या आणि मालकांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"क्रेट व्हते? मग माझा हात कशात मोडला, मालक?"

मालक दोर गुंडाळायला लागले.

"ऐका आता," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ह्या गाडीत आमच्यातली एक बी बाई चढनार न्हाय. तुमच्या दुसऱ्या गाडीत बी न्हाय. आमी वडापच्या जीपनं येऊ, त्याचं भाडं तुमी बघा. न्हायतर द्राक्षं तुमच्या हातानं तोडा."

द्राक्ष तोडणीला आलं की दिवस ढकलता येत नाहीत. टोळी मोडली तर माल वेलीवर सडतो. कालपासून माझ्या कुठल्याही सांगण्याचा ज्यांच्यावर परिणाम झाला नव्हता, ते मालक खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "किती दिवस लागतील?"

मला याचाच जास्त राग आला. तडा आहे, जीव जाईल असं सांगून जे समजलं नाही, ते द्राक्षं सडतील म्हटल्यावर लगेच समजलं.

काम नीट केलं. जुनं वेल्डिंग ग्राइंडरनं पूर्ण काढलं. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तडा पुढं सरकत नाही. जाफरभाईंनी नव्यानं वेल्डिंग केलं आणि वरून जाड प्लेट बसवली. हरवलेली नळी घडवून घातली, बोल्ट नवे, टॉर्क रेंचनं मोजून आवळले. बॉक्समधले गिअर खराब झाले होते, तो बॉक्स बदलायला लावला. शेवटी अलाइनमेंट. बिलावर मी जे दिसलं तेच लिहिलं: जुना तडा, दोनदा वेल्डिंग केलेला, अपघाताचं कारण. मालकांनी वाचून तोंड वाकडं केलं, पण बिल घेतलं. विम्याचं पुढं त्यांनी काय केलं, मला माहीत नाही. मला कुणी विचारायलाही आलं नाही.

गाडी तयार झाली त्या दिवशी मी शिवशरणला फोन करून बोलावलं. ट्रायल त्यानंच घ्यावी असं मला वाटत होतं. मालकांना आवडलं नाही. मी म्हटलं, माझ्या वर्कशॉपमधून गाडी बाहेर पडेपर्यंत ट्रायल कुणी घ्यायची ते मी ठरवते. मी त्याच्या शेजारी बसले. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर त्यानं वेग घेतला, वळणं घेतली. एका वळणानंतर हात सैल सोडला, स्टिअरिंग आपोआप सरळ आलं. पुढच्या वळणावर त्यानं पुन्हा तसंच करून पाहिलं.

परत आल्यावर मालक म्हणाले, "मग? उद्यापास्नं येतो का कामाला?"

"गाडी चांगली झाली," शिवशरण म्हणाला. "गावात सांगा आधी, मी पिऊन नव्हतो म्हनून. मग बघू."

मालकांनी किल्ली घेतली. गावात त्यांनी तसं कधीच सांगितलं नाही. मंगलताईंनी मात्र घरोघर सांगितलं. तरी अजून काही जण शिवशरणला त्या अपघातावरून टोमणे मारतात, असं त्या म्हणतात. तो आता अकलूजकडं दुधाचा टँकर चालवतो. मंगलताईंचा कोपर पूर्ण सरळ होत नाही. बाया वडापनंच जातात. पिकअपला मात्र काही झालेलं नाही. मध्यंतरी सर्व्हिसिंगला आली होती, प्ले अगदी जेवढा असावा तेवढाच.

आम्ही लोखंडाची माणसं, शिकवण सांगण्यात कच्ची. एवढंच सांगते. चालवणारा माणूस गाडी ओढते म्हणत असेल, तर त्याच्या तोंडाचा वास घेण्याआधी गाडीखाली वाकून बघावं.