गाऊन न घालणाऱ्या कुंदाताई

मे महिन्यात जबलपूरच्या गच्चीवर पापड वाळत नाहीत, भाजून निघतात. अशा दिवसांत कांचघरातल्या आमच्या गल्लीतल्या समस्त बायका घरात गाऊनमध्ये वावरायच्या आणि आमच्या घरमालकीण कुंदाताई खानझोडे तेवढ्या सकाळपासून चापूनचोपून साडी नेसून, अंगाबरोबर बसणारा ब्लाउज घालून फिरायच्या. "अहो, उकडत नाही का?" मी एकदा न राहवून विचारलं.

"उकडते नं! काहून नाही उकडणार? पण गाऊन मोठा लबाड. आत माणूस कितीही फुगो, तो तोंडातून शब्द नाही काढत. ब्लाउज कसा, लगेच चावते."

बँकेच्या बदलीवर पुण्याहून आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला लागले, त्या पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली होती. बैठकीत भिंतीवर एका चांगल्या भरदार बाईंचा फोटो होता. नाकडोळे थेट कुंदाताईंसारखे. मी चेहरा गंभीर करून फोटोला हात जोडले आणि म्हटलं, "थोरल्या बहीण का? कधी गेल्या?" कुंदाताई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "अव माय! मीच आहे नं ती. रेल्वेच्या ऑफिसात होती तेव्हाची." मग डोळे पुसत म्हणाल्या, "आन् गेलीबिली नाही हं. येऊन-जाऊन राहते." मीही हसले. कळलं काय? काही नाही.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी वजन उतरवलं होतं आणि त्यानंतर इतकी वर्षं ते पुन्हा चढू दिलं नाही, अशी त्यांची गल्लीत ख्याती होती. मला हेच हवं होतं. वजन उतरवायला मला झकास येतं. पुण्यात दोनदा उतरवलं, इथे येण्याआधी तिसऱ्यांदा. टिकवायला येत नाही. माझ्या आईचा एक पाय साखरेपायी कापावा लागला, आणि माझ्या रिपोर्टातही साखर उंबरठ्यावर येऊन उभी होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन परत आलं तर ती घरात शिरेल. तेव्हा मी कुंदाताईंच्या मागेच लागले. काय खाता, काय सोडलंत, एकदाचं सांगा!

पण बाई धड एक सांगतील तर शपथ. एका रविवारी आम्ही भेडाघाटला गेलो. येताना त्यांनी खव्याची जिलबी घेतली आणि डोळे मिटून, सावकाश, बोटं पुसत खाल्ली. मी मोठ्या तोऱ्यात 'नको' म्हटलं. मग निशासाठी, म्हणजे त्यांच्या लेकीसाठी बांधून घेतलेला पुडा चुकून माझ्या पिशवीत राहिला, तो मी घरी आल्यावर ओट्यापाशी उभ्यानं संपवला. दुसऱ्या दिवशी उपास जाहीर केला. कुंदाताई पोळीभाजीचं ताट घेऊन वर हजर.

"उपास? आज कोणता देव?"

"प्रायश्चित्त आहे," मी म्हटलं आणि सगळं कबूल केलं.

"काल चुकलं, तं काल चुकलं. आजचं जेवण आजच्यासारखं होऊ दे. शिक्षा दिली का मन फिरून चोरी करते. चलो, जेवून घे."

आता यात शिस्त कुठे आली? माझं डोकं चक्रावलं. दुसऱ्या एका संध्याकाळी मॅनेजरची बोलणी खाऊन आले आणि तडक चिवड्याचा डबा काढला. कुंदाताई दारातच होत्या. "भूक लागून राहिली का राग येऊन राहिला?" मी म्हटलं, "दोन्ही!" "अच्छा, तं आधी राग सांग. मग खाऊ, दोघी मिळून." राग सांगून झाल्यावर खरोखरच चिवडा फार लागला नाही, पण ही काय पद्धत म्हणायची? पुण्याच्या आहारवाल्या बाईंनी मला चिवड्याचं नावही काढू दिलं नसतं.

त्यांच्या या सगळ्या गोंधळातून मला धरून ठेवण्यासारखी एकच गोष्ट सापडली, ती म्हणजे ब्लाउज. मी गोहलपूरच्या शिंप्याकडे गेले आणि सगळे ब्लाउज नव्या मापाचे शिवायला टाकले. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, ती माया. ती असली की टीप उसवून ब्लाउज सैल करता येतो. मी म्हटलं, माया ठेवायचीच नाही. "मैडम, थोड़ा तो छोड़ने दीजिए, कल को..." मास्टरजी म्हणाले. "कल को कुछ नहीं होगा!" परतीचे दोरच कापून टाकले म्हणा ना.

दिवाळी झाली आणि एकाही ब्लाउजचे हुक लागेनात. उसवायला आत कापड नाही. मी गाऊनमध्ये शिरले, बँकेत ढगळ कुर्ते घालून जाऊ लागले, आणि कुंदाताई दिसू नयेत म्हणून मागच्या जिन्यानं ये-जा सुरू केली. एक दिवस त्यांनी मला तिथेच गाठलं. मी रडत रडत सांगितलं. त्या चक्रावल्या. "माया कापून टाकली? काहून बाप्पा?"

"तुमच्यासारखं टिकवायचं होतं मला!"

त्यांनी आपल्या ब्लाउजच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळेस ठेवशील." मला राग आला. पुढच्या वेळेस? म्हणजे मी पुन्हा घसरणार, हे यांनी ठरवूनच टाकलं होतं तर!

तो राग काढायचा राहूनच गेला. पौषात एका सकाळी चहा ठेवता ठेवता कुंदाताई गेल्या. डॉक्टर येईपर्यंतही थांबल्या नाहीत. माझी आई गेली तेव्हाही रडले नव्हते इतकी मी त्या दिवशी रडले.

तेरावं झाल्यावर निशानं त्यांच्या साड्या-ब्लाउज गल्लीतल्या बायकांना वाटले. अंगानं आम्ही सारख्याच, म्हणून माझ्या वाट्याला ब्लाउज जास्त आले. घडी घालताना एक उलटा झाला. आत दोन्ही बाजूंना चांगली रुंद माया, आणि तिच्यावर सुईच्या भोकांच्या रांगांमागून रांगा. कुठे लाल दोरा, कुठे पांढरा. टीप उसवलेली, पुन्हा घातलेली, पुन्हा उसवलेली.

"निशा, हे काय गं?"

"आंटी, मम्मीचं असंच होतं. हर ठंडी में मोटी हो जाती थी, होळीपर्यंत परत बारीक. कितने साल से यही चल रहा था. तुम्हाला नव्हतं माहीत?"

लबाड बाई! मला हसू आलं, रडू आलं, मग संतापच आला. मी गाऊनमध्ये तोंड लपवून रडत होते तेव्हा का नाही सांगितलं? लाज वाटली? की पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं, असं त्यांना वाटलं? सांगितलं होतंच. येऊन-जाऊन राहते, म्हणाल्या होत्या. त्या फोटोतल्या बाईला मेलेली समजून हात जोडून बसले होते मी. या बाईनं वजन टिकवलं म्हणायचं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. पाय मात्र शेवटपर्यंत त्यांचे होते. त्याच पायांवर त्या रोज जिना चढत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाऊन धुवायला टाकला. ब्लेड घेतलं आणि कुंदाताईंच्या ब्लाउजची एक टीप उसवली. हुक लागले. चावत होता, पण लागले. पोह्यांची वेळ झाली होती. नेहमीएवढेच वाढून घेतले आणि बसून खाल्ले.