मौद्याचा दर, सिहोऱ्याची बांधी

सुनंदाताईंच्या एकरभर शेतातली धानाची रोपं जगली आहेत. आज सकाळी त्यांनीच फोनवर सांगितलं, "सारे पऱ्हे लागले भाऊ. एकबी सुकला नाही." पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. आठवड्यापूर्वी ती लावणीची वाट पाहत वाफ्यातच म्हातारी होत होती.

नागपूरजवळ पैसा, पूर्वेकडे जावं तसा तो कमी, हे मी जिल्हावार उत्पन्नाच्या नकाशातल्या रंगांवरून बरीच वर्षं लिहीत आलो. या पावसाळ्यात तो रस्ता एसटीने पाहायचं ठरवलं. सिहोऱ्याला मित्राची बहीण, सुनंदाताई, राहते. मुक्कामाची सोय झाली.

नागपूरहून भंडाऱ्याची गाडी सहज मिळते. मौद्याला कारखान्यांच्या शेडला लागूनच धानाची शेतं दिसली. शहापूर आलं तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, एका जिल्ह्याचे दोन झाले. पोट्टे मात्र नागपूरलेच गेले!" भंडाऱ्यात स्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले, पितळेच्या दुकानातून एक लोटा घेतला. पुढे तुमसरला गाडी बदलावी लागते. सिहोऱ्याची शेवटची गाडी आधीच विचारून ठेवा. माझी चुकता चुकता राहिली.

"जयभीम भाऊ, या." सुनंदाताई नुकत्याच पिकअपमधून उतरल्या होत्या. पायाला मौद्याचा चिखल. तिकडच्या बायका कंपनीत कामाला जातात, म्हणून रोवणीसाठी, म्हणजे धानाच्या लावणीसाठी, सिहोऱ्याच्या बायकांना पहाटे पाचला गाडी न्यायला येते. तिथे चारशे रुपये रोज, इथे तीनशे. मग सिहोऱ्याची शेतं कोण रोवतं? नदीपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या बायका. त्यांना त्यांच्या गावी याहून कमी मिळतं.

"म्हणजे तुमचं शेत दुसऱ्या रोवतात, तुम्ही तिसऱ्याचं?"

"मंग! घरी बसून पोट भरते का?" भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण वाढत त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मौद्याला सुट्टी घेतली. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, त्यांचे यजमान देवराव चिखल करून तयार होते. नदीपलीकडून आठ बायका आल्या. पण एकही आत उतरेना. त्यांची म्होरकी फुलवंतीबाई बांधावरच बसली.

"बाई, तू मौद्याले चारशे घेते. मंग आमाले तीनशे काहून?"

"तिकडं दोन घंटे गाडीत जावं लागते," देवराव म्हणाले.

"आन आमी का उडून येतो?" सगळ्या हसल्या. देवरावही.

मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. "मौद्याच्या कास्तकाराचा पोरगा कंपनीत हाय, त्याले चारशे परवडते. आपल्या घरची कंपनी म्हणजे तूच!"

चारच दिवसांपूर्वी मौद्याच्या बांधावर सुनंदाताई स्वतः अशाच बसल्या होत्या, चारशे कबूल होईपर्यंत. आदल्या रात्री मला त्यांनी ते अभिमानाने सांगितलं होतं.

"चारशेच," त्या शेवटी म्हणाल्या. "पण रोख तीनशेच हायेत. तुमी आठजणी, शंभर-शंभर राहिले. त्याचे माहे दोन दिवस. तुमच्या बांधीत रोवाले येतो."

आठही जणी एकाच भावकीतल्या, शेती सामाईक. फुलवंतीबाईंनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, लुगडं खोचलं. "ये, पण आमच्याकडं गाडी नाही भेटणार हं, महाराणी!" आणि त्या चिखलात उतरल्या. मीही उतरलो. माझी ओळ इतकी वाकडी आली की देवरावांनी ती उपटून पुन्हा लावली.

पुण्यात परतल्यावर नकाशा पुन्हा काढला. गडद आणि फिकट रंगांच्या मधली सरळ रेघ आता पटत नाही. मौद्याला वाढलेला दर बांधावर बसून-बसून नदीपार चालला आहे, हे चांगलंच. पण तो देवरावांच्या शेतातून जातो, आणि त्यांच्या धानाचा भाव काही त्याच्याबरोबर वाढत नाही. पुढच्या वर्षी रोवणी न करता बी फेकूनच पेरायचं त्यांच्या मनात आहे.

सुट्टी घेतल्यामुळे मौद्याच्या गाडीतली सुनंदाताईंची जागा दुसरीला गेली. ती परत मिळेल असं ड्रायव्हर म्हणतो. त्यांना खात्री नाही. रविवारी त्या नदीपलीकडे रोवायला जाणार आहेत. फुलवंतीबाईंनाही तिकडे जायचंय; त्यांनी आधीच विचारून ठेवलंय, मौद्याच्या गाडीत किती जणी बसतात. आपली जागा गेली तरी सुनंदाताई खरं तेच सांगणार आहेत.